पाहुण्यांची खोली आणि आपली खोली

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



दुपारची भांडी आवरून, पाठ जरा भिंतीला टेकवून तुम्ही रेडिओ लावला असेल. मग बोलण्याआधी एक प्रश्न विचारतो. पहाटे उठल्यापासून आत्तापर्यंत तुम्ही घरात कुठं कुठं होतात? चुलीपाशी किती वेळ, मोरीवर किती, अंगणात किती? आणि बाहेरच्या खोलीत, जिथं सोफा आहे, शोकेस आहे, तिथं किती वेळ बसलात? झाडू मारायला गेलात तो वेळ धरू नका.

आम्ही हाच प्रश्न आमच्या गटांच्या बैठकीत विचारला. बाया आधी हसल्या, मग गप्प झाल्या. एक काकू म्हणाल्या, "त्या सोफ्यावर मी वास्तुशांतीच्या दिवशी बसले होते, फोटोपुरती."

आज आपण घराच्या सजावटीबद्दल बोलणार आहोत. घर दिसायला कसं असावं आणि राहायला कसं असावं, या दोन्ही गोष्टी एकाच पैशात कशा बसवायच्या, याबद्दल. हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आमच्याच गटात एक चूक झाली, तिच्यापासून शिकलो. म्हणून आधी ती चूक सांगतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका गटातल्या ताईनं घरासाठी ८०,००० रुपये कर्ज मागितलं. गटाला बँकेचं कर्ज मिळालं होतं, ताईची परतफेड चोख, बचत कधी चुकली नाही. मुलाचं लग्न ठरवायचं होतं. "मुलीकडचे येतील तर बाहेरची खोली तरी बघण्यासारखी पाहिजे," असं ती म्हणाली. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. दहा मिनिटांत ठराव झाला, सह्या-अंगठे झाले. शेळी घ्यायला कुणी १५,००० मागितले तर आम्ही शेळीचे दात मोजायला जातो. इथं ८०,००० होते आणि आम्ही एकही प्रश्न विचारला नाही.

खोली झाली मात्र झकास. आरशासारखी चकचकीत फरशी, वर पीओपीचं छत, त्यात निळे-लाल दिवे, टीव्हीमागं नक्षीचा पत्रा, मरून रंगाचा सोफा. आम्ही सगळ्या बघायला गेलो. चपला बाहेर काढताना पाय पुसून घेतले. आमच्यातल्या चौघींनी तिथंच मनात ठरवलं, आपलंही असंच करायचं. सून आली, लग्न झालं, सगळं नीट झालं.

स्वयंपाकघर मात्र होतं तसंच राहिलं. मागच्या बाजूला पत्र्याचं शेड, एक झरोका, खाली उखडलेला कोबा. मोरी आणि संडास त्याच्याही मागं. पैसे पुढंच संपले होते.

पुढच्या आषाढात ताईची सासू रात्री संडासला उठली. मागून येताना पाय ओले होते. मधल्या बोळात तीच चकचकीत फरशी घातलेली, उरली म्हणून. दिवा लावायचं बटण बोळाच्या दुसऱ्या टोकाला. म्हातारी घसरली आणि खुबा मोडला. लातूरला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. पहिलं कर्ज फिटलं नव्हतं तोवर दुसरं काढावं लागलं. दोन वर्षं त्या घरातली एक बाई मजुरीला जाऊ शकली नाही, कारण म्हातारीपाशी कुणीतरी लागायचं.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा सासूबाईंची खाट बाहेरच्या खोलीत टाकली होती. मागं उकाडा, धूर आणि खाटेला जागाही नाही. सोफा ओसरीत, पावसाच्या सडाक्यात उभा. म्हातारीनं वर बोट दाखवलं आणि म्हणाली, "ते दिवे तेवढे बंद करा गं, डोळ्यात घुसतात." मग जरा थांबून म्हणाली, "घर चांगलं झालं. पण ते माझ्या पायांना ओळखत नाही."

मैत्रिणींनो, आम्ही त्या दिवशी घरी जाताना एकमेकींशी बोललो नाही. ताईचं चुकलं म्हणावं, तर ठराव आमचा होता. तिनं एकटीनं ठरवलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून पाहुण्यांसाठी खोली बांधायला पैसे दिले होते.

आता कुणी म्हणेल, मग झगमगाट नकोच, साधं राहावं. आम्ही तसं म्हणत नाही. असं म्हणणारे बहुतेक चांगल्या घरात राहणारे असतात. ज्या बाईनं जन्मभर कुडाच्या घरात दिवस काढले, तिला चकचकीत फरशी हवीशी वाटली तर त्यात वाईट काय? शाळेतल्या मैत्रिणीला घरी आणायला लाजणारी पोर आपण पाहिली आहे. सोयरीक जुळवायला आलेली माणसं आधी भिंती बघतात आणि मग माणसं, हेही आपल्याला ठाऊक आहे. देखणं घर म्हणजे गावात ताठ मानेनं राहणं. त्या मानाची किंमत आम्ही कमी धरत नाही. शिवाय नटवायची हौस आपल्या हातातच आहे. सडा घातल्यावर रांगोळीची दोन बोटं ओढल्याशिवाय ज्यांना राहवत नाही, त्या आपण. रांगोळी काही उपयोगाची नसते, तरी ती आपण काढतो.

प्रश्न एवढाच, की पैसे थोडे असताना ते घराच्या कोणत्या भागात जातात आणि तिथं कोण राहतं.

आपल्या मराठवाड्यातली जुनी घरं आठवा. जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर मातीचं माळवद. वैशाखात बाहेर अंगाची लाही व्हायची आणि आत गारवा असायचा. भिंतीत देवळ्या, कोनाडे, एका कोपऱ्यात उतरंड. आरामाची घरं होती ती. पण खरं सांगायचं तर आराम कुणाला होता? पुढची ढाळज हवेशीर, तिथं पुरुष माणसं. चूल मात्र आतल्या अंधाऱ्या खोलीत, धूर जायला वर एक धारं. म्हणजे पुढचं चांगलं आणि मागचं कसंही, ही रीत पीओपीनं आणलेली नाही. ती जुनीच आहे.

आणि त्याच घरांनी आपल्याला दुसरा धडाही दिला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. किल्लारीचा भूकंप. गणपती विसर्जन करून दमलेली माणसं झोपेत होती. जाड दगडी भिंती आणि वरचं मातीचं ओझं अंगावर आलं. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. गार होतं म्हणून जुनं सगळं चांगलं, असं त्यानंतर कुणी म्हणू शकत नाही. त्यानंतर पत्रा आला, सिमेंट आलं, छप्पर हलकं झालं. पण उकाडाही आला.

त्या भूकंपानंतर घरं दुरुस्त करायचं आणि मजबूत करायचं काम निघालं तेव्हा गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. त्यांनी घरोघरी जाऊन भिंत कशी बांधायची, कशाला बळकटी द्यायची हे समजून घेतलं आणि समजावलं. ज्या बायकांना त्याआधी कुणी ओट्याची उंचीही विचारली नव्हती, त्या मिस्त्रीच्या कामावर लक्ष ठेवायला लागल्या. ही आपल्याच भागातली गोष्ट आहे. घराचं आपल्याला काय कळतं, असं म्हणू नका.

तर त्या आषाढानंतर आमच्या गटांनी एक पद्धत सुरू केली. घरासाठी कुणी कर्ज मागितलं, की ठरावाआधी तीन जणी त्या घरी जाऊन बसतात. चहाला नाही. एकदा भर दुपारी, एकदा संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी आणि एकदा दिवे मालवल्यावर, म्हणजे अंधार कुठं असतो ते कळतं. मग घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला आणि सगळ्यांत लहान लेकराला विचारतात, तुम्हाला कुठं त्रास होतो? एवढं केल्यावर कर्ज कशाला हवं ते आपोआप कागदावर उतरतं. असं बसून बसून आम्हाला जे कळलं, ते पाच गोष्टींत सांगतो.

पहिली गोष्ट छपराची. भर दुपारी पत्र्याखाली बसलं की भिंतीचा रंग कुणाला आठवत नाही. उन्हाळ्याआधी पत्र्याला किंवा स्लॅबला वरून पांढरा चुना मारा. पांढऱ्यावरून ऊन परततं. अहमदाबादेत २०१७ पासून वस्त्यांमधल्या छपरांना असा पांढरा रंग देण्याचं काम चालू आहे. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून दर वर्षी मारावा लागतो. वर चढणारा माणूस सवयीचा असू द्या. पत्र्याखाली आतून छत करायला आमची ना नाही, त्यानं झळ अडते. पण पत्रा आणि छत यांच्यातली गरम हवा बाहेर जायला वाट ठेवा आणि आधी पत्रा गळतो का बघा. गळक्या पत्र्याखाली पीओपी केलं तर पहिल्याच पावसाळ्यात पिवळे डाग पडतात. वारा खेळायचा तर खिडक्या समोरासमोर हव्यात. एकाच भिंतीला दोन मोठ्या खिडक्या केल्या तर वारा आत येतो कुठून आणि जातो कुठून?

दुसरी गोष्ट फरशीची. दुकानात नमुना कोरडा असतो, घरात फरशी ओली असते. म्हणून दुकानातच नमुन्यावर तांब्याभर पाणी ओता आणि अनवाणी उभ्या राहा. दुकानदार हसेल, हसू द्या. पाय सरकला तर ती फरशी मोरी, संडास, स्वयंपाकघर आणि त्यांच्या मधल्या वाटेला घालू नका. तिथं खरखरीत टाइल किंवा न घोटलेली शहाबादी बरी. चकचकीत हवीच असेल तर कोरड्या खोलीत घाला आणि दाराशी पाय पुसायला जाड तरट ठेवा.

तिसरी गोष्ट ओट्याची. मिस्त्री सगळीकडे सारख्याच उंचीचा ओटा करतो. आपण सगळ्या सारख्या उंचीच्या नाही. सरळ उभ्या राहा, हात कोपरात वाकवा, कोपरापासून चार ते सहा इंच खाली खूण करा. ओटा तिथं. शेगडीची उंची वेगळी धरा, कारण शेगडीवर पातेलं ठेवलं की ते आणखी वर जातं. ओटा उंच झाला तर खांदे भरतात, खाली झाला तर कंबर जाते. घरात भाकरी बसून थापायची सवय असेल तर चुलीची बसकी जागाही ठेवा. ओटा केला म्हणून चूल मोडायची सक्ती नाही, पण धूर बाहेर काढणारं धुराडं आणि समोर खिडकी पाहिजे. आणि दिवा आपल्या पाठीमागं लावू नका. पाठीमागं दिवा असला की आपलीच सावली पातेल्यात पडते. दिवा ओट्याच्या वर, समोर.

चौथी गोष्ट रात्रीच्या वाटेची. खाटेपासून संडासापर्यंत अंधारात चालून बघा. बटण खाटेच्या हाताशी हवं. मध्ये उंबरा असेल तर त्याला पांढरा रंग लावा. संडासात भिंतीला एक लोखंडी दांडी ठोका, धरून उठायला. ती दांडी एका शोभेच्या दिव्याच्या पैशात होते. बाळंतीण, म्हातारं माणूस, गुडघे दुखणारी आपण स्वतः, सगळ्यांना ती उपयोगी पडते. आतून कडी नीट लागते का तेही बघा. सून सांगत नाही, पण तिला ती सगळ्यांत आधी हवी असते.

पाचवी गोष्ट आपल्या जागेची. प्रत्येक घरात पुरुषांना पेपर वाचायला, पाहुण्यांना बसायला जागा असते. बाईला पाठ टेकायला जागा कुठली? खिडकीपाशी एक दिवाण, नाहीतर ओसरीच्या कडेला बसायला एक कट्टा. तिथं धान्याचं पोतं ठेवायचं नाही, एवढाच नियम.

आता हौशीचं बोलू. आमच्या पद्धतीत एक कलम मुद्दाम घातलं आहे. घराच्या प्रत्येक कर्जात एक हौस बाईच्या मनाची. ती कशाला, किती उपयोगाची, हे गटानं विचारायचं नाही. फक्त ती पुढच्या खोलीतच असली पाहिजे असं नाही.

आमच्या एका मावशीला घरकुल मंजूर झालं. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या घराला १,२०,००० रुपये मिळतात आणि घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फुटांचं, स्वयंपाकाच्या जागेसह. संडासाचे १२,००० वेगळे आणि रोजगार हमीतून मजुरीचे दिवस वेगळे. एवढ्यात घर पुरं होत नाही, पदरचे घालावेच लागतात. मावशींनी पदरचे पैसे आधी समोरासमोरच्या खिडक्यांना, खरखरीत फरशीला आणि कडाप्प्याच्या ओट्याला घातले. बाहेरच्या खोलीत सोफा नाही. दिवाण आहे, त्यावर जुन्या लुगड्यांची गोधडी. त्या गोधडीचे टाके बघायला बाया शेजारच्या गावाहून येतात. पितळेची भांडी माळ्यावर काळी पडत होती, ती चिंचेनं घासून मांडणीवर लावली. सकाळचं ऊन आत आलं की ती भिंत अशी लखलखते की दिव्यांची गरज नाही. एक भिंत गडद निळी, बाकीच्या पांढऱ्या. आणि हौस? मावशींनी मोरीत आरसा लावला. चांगला हातभर उंच, नक्षीच्या चौकटीचा. घरातले म्हणाले, मोरीत कुणी बघतं का? मावशी म्हणाल्या, "मी बघते की."

गोधडी, पितळ, एका भिंतीचा रंग, डब्यात लावलेली सदाफुली, दारातलं तुळशीवृंदावन. या शोभेला हप्ता नसतो. आणि ती आपल्या हातची असते, म्हणून शेजारणीच्या घरासारखी दिसत नाही.

आणखी एक कागदाची गोष्ट, ती सजावटीपेक्षा मोठी आहे. घर नटवायला कर्ज आपल्या नावावर आणि घर कुणाच्या नावावर? घरकुल मंजूर होतं ते पत्नीच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर. जुन्या घरालाही ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नवऱ्यासोबत आपलं नाव लावून घेता येतं. भिंतीला रंग देण्याआधी तो उतारा एकदा वाचा. ज्या घराचे हप्ते आपण भरतो, त्या घराच्या कागदावर आपण असलो पाहिजे.

आता त्या पहिल्या ताईचं काय झालं ते सांगून थांबतो. दोन्ही कर्जं गेल्या दिवाळीला फिटली. एक हप्ता आम्ही सगळ्यांनी मिळून पुढं ढकलला, दंड लावला नाही. ते आमच्या ठरावाचं प्रायश्चित्त होतं. मग ताईनं पुन्हा कर्ज मागितलं, या वेळी २०,०००. तीन जणी जाऊन बसल्या. बोळातली चकचकीत फरशी काढून शहाबादी घातली, संडासात दांडी लागली, बटण खाटेपाशी आलं, मागच्या शेडला दुसरी खिडकी फोडली. हौस म्हणून काय, असं विचारलं तर ताई म्हणाली, "माझी हौस पुढच्या खोलीत होऊन गेली. या वेळची सासूबाईंची." सासूबाईंनी ओसरीच्या भिंतीवर मोर काढून घेतला. गुलाबी रंगाचा. मोर गुलाबी कुठं असतो, असं नातवंडं म्हणतात, म्हातारी ऐकत नाही. वॉकर धरून ती रोज सकाळी ओसरीत येते आणि त्या मोराखाली बसते. सोफा तिथंच राहिला आहे. पावसानं रंग उडाला, पण आता त्याच्यावर बसायला कुणी भीत नाही. आमची मासिक बैठकही त्याच ओसरीत होते.

तर मैत्रिणींनो, उद्यासाठी एक काम. दुपारी दोन वाजता आपल्या स्वयंपाकघरात अर्धा तास नुसत्या बसा. हातात निवडायला मेथी घेऊ नका. ऊन कुठून येतं, वारा कुठून जातो, आपली सावली कुठं पडते, बघा. काय दिसलं ते पुढच्या बैठकीत सांगा आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी घरासाठी कर्जाचा ठराव आला की ती वही उघडा.

आणि हो, सोफा असेल तर आज संध्याकाळी त्याच्यावर जरा बसा. त्यावरचं प्लास्टिक काढून बसा. हप्ते आपणच भरले आहेत.